तेल कुठल्या खडकातून आलं? सोर्स रॉकपर्यंत माग काढण्याची पद्धत, पायरीपायरीने

पुण्यात भूगर्भशास्त्र शिकणाऱ्याच्या पायाखाली सगळीकडे बसाल्ट. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विहीर घेतली, तेव्हा सुमारे ९३० मीटर बसाल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटी पाया लागला. मधे गाळाच्या खडकाचा एक थरही नव्हता. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना पेट्रोलियमचं भूरसायन हा दुसऱ्या कुणाचा तरी विषय वाटतो. पण हाच दख्खनचा बसाल्ट वायव्येकडे खंबायतच्या खोऱ्याचा तळ झाला आहे. त्याच्यावर इओसीन काळात (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी) साचलेला कँबे शेल (चिकणमातीचा थरांचा खडक) हा त्या खोऱ्याचा मुख्य सोर्स रॉक, म्हणजे तेल जिथे तयार होतं तो खडक, आणि १९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं ते याच खोऱ्यात. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायच्या तेलाचा उगम पन्ना फॉर्मेशनच्या शेल आणि कोळशाच्या थरांकडे दाखवला जातो. तेही पॅलिओसीन ते आरंभीच्या इओसीन काळातले, म्हणजे दख्खनच्या लाव्हानंतरचेच.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी किंवा पीएच.डी.च्या सुरुवातीला हा विषय हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझा आग्रह एकच. तेल आणि खडक 'जुळतात' हे दाखवायला निघू नका. कुठला खडक या तेलाचा उगम असूच शकत नाही, हे आधी ठरवा. सारख्या वातावरणात साचलेल्या दोन वेगळ्या शेलमधून जवळजवळ सारखंच तेल निघतं, म्हणून जुळणं हा पुरावा नेहमी थोडा कच्चा असतो. न जुळणं मात्र, पक्वता (खडक किंवा तेल किती तापून पिकलं) आणि जीवाणूंचं काम (त्यांनी तेल किती खाल्लं) हिशेबात धरलं असेल तर, ठाम असतं.

पायरी १: उमेदवार खडकांची यादी आणि तेलांची कुटुंबं

प्रयोगशाळेत जाण्याआधी खोऱ्याचा स्तरक्रम समोर ठेवा. खंबायतमध्ये ओलपाड, कँबे शेल आणि त्यांच्या वरचे कोळशाचे थर, अशी यादी करा. प्रत्येक थराचं वय, साचण्याचं वातावरण आणि खोऱ्यात तो कुठे पुरेसा खोल व गरम झाला असेल, हे लिहा. ज्या थराचा नमुना मिळणारच नाही, त्याचंही नाव यादीत ठेवा. पुढे निष्कर्षाची मर्यादा हीच नोंद सांगते.

दुसरं काम, तेलांची आपसात तुलना. हाताशी आठ-दहा तेलं असतील तर आधी त्यांचे गट पाडा आणि मग खडकांकडे वळा. तेलाचे नमुने एकमेकांशी तुलनेला सोपे असतात. खडकाचा नमुना म्हणजे शेकडो मीटर जाडीच्या थरातला मूठभर तुकडा. एकच तेल आणि एकच खडक घेऊन केलेल्या तुलनेवर मी विश्वास ठेवत नाही.

पायरी २: नमुने

बहुतेक चुकीचे निष्कर्ष इथे जन्माला येतात, म्हणून इथे वेळ घालवा.

विहिरींची माहिती हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या नॅशनल डेटा रिपॉझिटरीकडे मागता येते. कोअर (विहिरीतून अखंड काढलेला खडकाचा दंड) आणि कटिंग्ज (विहीर खोदताना वर येणारा खडकाचा चुरा) यांसाठी कंपनीकडे विभागामार्फत रीतसर अर्ज करावा लागतो, त्याला वेळ लागतो, तेव्हा तो पहिल्याच सत्रात करा. निवडीची संधी असेल तर कोअर, मग साइडवॉल कोअर (विहिरीच्या भिंतीतून घेतलेला छोटा तुकडा), आणि शेवटी कटिंग्ज. कटिंग्जमध्ये वरच्या थरांचे ढासळलेले तुकडे मिसळलेले असतात. भिंगाखाली शेलचे तुकडे एकेक वेचून काढल्याशिवाय त्यांना हात लावू नका. विहिरीत कुठलं ड्रिलिंग मड (खोदताना आत फिरवायचा चिखल) वापरलं, हे विचाराच. मडमध्ये डिझेल, गिल्सोनाइट (नैसर्गिक डांबर) किंवा लिग्नाइटची पावडर असेल तर त्यांचे स्वतःचे बायोमार्कर (प्राचीन सजीवांच्या रेणूंचे टिकून राहिलेले सांगाडे) तुमच्या नमुन्यात उतरतात.

उमेदवार खडक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर सुरत जिल्ह्यातली वस्तान लिग्नाइट खाण पाहण्यासारखी आहे. ती कँबे शेल फॉर्मेशनमध्येच आहे. तिथल्या राळेत म्हणजे अंबरमध्ये सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे कीटक सापडले, आणि ती राळ डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांची आहे. या राळेची रासायनिक खूण पुढे तेलात भेटते. अर्थात खाणीची परवानगी आधी घ्यायची, आणि उघड्या भिंतीचा वरचा हवेने बदललेला थर खरवडून टाकून आतला ताजा भाग घ्यायचा.

तेल काचेच्या बाटलीत घ्या, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर असू द्या. खडक ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. बोहरी आळीत स्वस्तात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या बरण्या आणि पिशव्या इतर नमुन्यांना चालतात, इथे नाही. प्लास्टिकमधले थॅलेट्स जीसी-एमएसच्या (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात एम/झेड (आयनाचं वस्तुमान भागिले प्रभार) १४९ वर मोठं शिखर देतात. बोटांच्या तेलकटपणातून स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल येतं, म्हणून हातमोजे घाला.

पुणेकरांसाठी आणखी एक सूचना. वाहनांच्या धुरातल्या कणांवर वंगणतेलाचे होपेन (जीवाणूंपासून येणारे बायोमार्कर) असतात. तुमच्या खडक कुटण्याच्या खोलीची खिडकी गणेशखिंड रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्याकडे उघडत असेल, तर ती धूळ कमी सेंद्रिय द्रव्याच्या शेलमध्ये खरंच दिसू शकते. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर कोरा नमुना चालवा. त्यासाठी इथला बसाल्टच उत्तम: वाघोलीच्या खाणीतला ताजा तुकडा मफल भट्टीत ४५० अंश सेल्सियसला काही तास तापवा, आणि मग शेलसारखाच कुटण्यापासून जीसी-एमएसपर्यंत न्या. त्यात होपेन दिसले तर ते तुमच्या प्रयोगशाळेचे आहेत. ते कुठून आले हे सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी ३: खडक लायक आहे का?

सगळ्या नमुन्यांवर आधी टीओसी (खडकातला एकूण सेंद्रिय कार्बन) आणि रॉक-इव्हल (खडक तापवून निघणारे हायड्रोकार्बन मोजणारी चाचणी). हे स्वस्त आणि जलद आहे, आणि निम्मी यादी इथेच गळते. टीओसी ०.५ टक्क्यांखाली असलेल्या शेलकडून मोठी अपेक्षा नको. १ ते २ टक्के चांगलं, त्यावर उत्तम. रॉक-इव्हलमध्ये एस१ म्हणजे खडकात आधीच असलेले मोकळे हायड्रोकार्बन, आणि एस२ म्हणजे तापवल्यावर केरोजेनमधून (खडकातल्या न विरघळणाऱ्या सेंद्रिय द्रव्यातून) निघणारे. एस२ ला टीओसीने भागून शंभराने गुणलं की हायड्रोजन इंडेक्स मिळतो. तो ६००च्या वर असेल तर केरोजेन पहिल्या प्रकारचं, ३०० ते ६०० दुसऱ्या (हे दोन्ही मुख्यतः तेल देणारे), ५० ते २०० तिसऱ्या प्रकारचं (मुख्यतः वायू देणारं). टी-मॅक्स (एस२ सर्वांत जास्त निघतो ते तापमान) ४३५ अंशांच्या आसपास आला की तेल तयार होण्याची सुरुवात धरतात, पण हा आकडा केरोजेनच्या प्रकारानुसार सरकतो. शक्य असेल तर व्हिट्रिनाइटच्या (खडकातल्या लाकडाच्या कोळसाळ कणांच्या) परावर्तनाने पडताळा घ्या, ०.६ ते १.३ टक्के हा तेलाचा पट्टा.

एक सापळा ओळखून ठेवा. टी-मॅक्स कमी, खडक कच्चा, तरी एस१/(एस१+एस२) हे गुणोत्तर ०.१ च्या बरंच वर असेल, तर त्या खडकात बाहेरून तेल येऊन मुरलेलं असण्याची शक्यता आहे. अशा खडकाचा अर्क तेलाशी सुंदर जुळतो, कारण तो त्या तेलाचाच असतो! तुम्ही तेलाची तेलाशीच तुलना करत असता. असे नमुने वेगळे काढा.

पायरी ४: अर्क आणि त्याचे भाग

खडक बारीक कुटा. साधा शेल असेल तर ५० ते १०० ग्रॅम लागतो, लिग्नाइट किंवा कोळशाला १० ग्रॅमही पुरतात. सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावकाने पुन्हापुन्हा धुऊन अर्क काढणाऱ्या उपकरणात) डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल ९३:७ प्रमाणात, २४ ते ७२ तास. थिंबल (खडकाची पूड ठेवायची नळी) आधी रिकामीच त्या द्रावकात धुऊन घ्या. फ्लास्कमध्ये आम्लाने साफ केलेलं तांबं टाका, म्हणजे मोकळं गंधक अडकेल. द्रावक एचपीएलसी प्रतीचेच. सगळं फ्यूमहूडमध्ये, आणि जुन्या पद्धतींत बेंझिन लिहिलेलं असेल तर त्याऐवजी टोल्युइन घ्या, बेंझिनमुळे कॅन्सर होतो.

अर्क नायट्रोजनखाली आटवा, पण कोरडा करू नका. आटवताना सी-१५च्या खालचे (१५ पेक्षा कमी कार्बन अणूंचे) हलके घटक उडून जातात. त्यामुळे तेलाचा तो भाग खडकाच्या अर्काशी ताडून पाहणं निरर्थक आहे. तुलना करायची तर तेलही तसंच आटवून घ्या.

मग चाळीसपट पेंटेन घालून रात्रभर ठेवा, ॲस्फाल्टीन (तेलातले सर्वांत जड रेणू) खाली बसतात. ते फेकू नका, पुढे उपयोगी पडतील. उरलेलं सिलिका जेलच्या स्तंभावर: हेक्झेनने सॅच्युरेट, टोल्युइन किंवा हेक्झेन-डायक्लोरोमिथेनने ॲरोमॅटिक, शेवटी मिथेनॉलच्या मिश्रणाने रेझिन. प्रत्येक भागाचं वजन वहीत नोंदवा. अंतर्गत मानक (ज्याची मात्रा माहीत आहे असं संयुग) ठरावीक प्रमाणात घाला. गुणोत्तरांवर भागेल असं वाटतं, पण मिश्र तेल समोर आलं की प्रत्यक्ष मात्रेशिवाय पुढे सरकता येत नाही.

पायरी ५: क्रोमॅटोग्राम वाचणं

१९३४ साली आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनतज्ज्ञाने कच्च्या तेलात पोर्फिरिन दाखवले आणि त्यांचं नातं हरितद्रव्याशी जोडलं. बायोमार्करची सगळी विद्या तिथून सुरू झाली. सजीवाच्या रेणूचा सांगाडा लाखो वर्षं टिकतो, आणि तो कोणाचा होता हे ओळखता येतं.

आधी साधा जीसी. नॉर्मल अल्केनची (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनची) रांग बघा: सी-२५च्या पुढे विषम संख्येची शिखरं उंच असतील तर जमिनीवरच्या वनस्पतींचं मेण आणि अपुरी पक्वता. मग प्रिस्टेन आणि फायटेन या दोन फांद्यांच्या साखळीच्या हायड्रोकार्बनचं गुणोत्तर. हे गुणोत्तर ३च्या वर असेल तर प्राणवायू मिळालेलं, वनस्पतींचं द्रव्य, ०.८च्या खाली असेल तर प्राणवायू नसलेलं, बहुधा खारट किंवा कार्बोनेटी वातावरण. मधल्या आकड्यांवरून कथा रचू नका. या एका गुणोत्तरावर पानंच्या पानं लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत, आणि त्यांतलं फार थोडं टिकतं.

जीसी-एमएसवर निवडक आयन लावा: होपेन आणि इतर टर्पेनसाठी १९१, स्टेरेनसाठी (शैवाल-वनस्पतींच्या स्टेरॉलच्या अवशेषांसाठी) २१७ आणि २१८, डायास्टेरेनसाठी २५९, बायकॅडिनेनसाठी ३६९ आणि ४१२. शिखरांना नावं देताना एखादं ओळखीचं तेल त्याच दिवशी, त्याच कॉलमवर चालवा. छापील आकृतीवर बोट ठेवून शिखर ओळखणं धोक्याचं आहे.

स्टेरेनमध्ये सी-२७, सी-२८, सी-२९ यांचं परस्पर प्रमाण त्रिकोणी आलेखावर मांडतात. ढोबळ नियम असा की सी-२७ जास्त तर शैवाल, सी-२९ जास्त तर जमिनीवरच्या वनस्पती. हा नियम कुठे मोडतो हे भारतातच दिसतं. राजस्थानातल्या बाघेवालाच्या जड तेलात सी-२९ स्टेरेन भरपूर आहेत, पण ते तेल निओप्रोटेरोझोइक ते आरंभीच्या कँब्रियन काळातल्या, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून जुन्या खडकांचं. तेव्हा जमिनीवर वनस्पतीच नव्हत्या. ते सी-२९ हिरव्या शैवालाचं धरलं जातं. ओमानच्या हुक्फ गटातल्या तेलांशी त्याचं साम्य आहे. वय माहीत नसताना त्रिकोणी आलेख वाचायला बसू नका.

वयाची सर्वांत सरळ खूण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि आसाममध्ये कामी येते: ओलियानेन. ते फुलझाडांकडून येतं. ओलियानेन आणि सी-३० होपेनचं गुणोत्तर ०.२च्या वर गेलं तर सोर्स रॉक टर्शरी काळातला (६.६ कोटी वर्षांपूर्वीनंतरचा) असल्याचा भक्कम इशारा मिळतो. ओलियानेन नसणं मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण समुद्रात दूर साचलेल्या टर्शरी शेलमध्ये ते नसू शकतं. दोन काळज्या घ्या. साध्या कॉलमवर लुपेन त्याच जागी येतं. आणि तेल वर सरकताना कच्च्या लिग्नाइटच्या थरातून गेलं, तर तिथलं ओलियानेन उचलून आणू शकतं. म्हणून ते एकटं पुरेसं नाही. डिप्टेरोकार्प राळेचं बायकॅडिनेन, होपेनांची रचना आणि कार्बनचे समस्थानिक (पायरी ७) या सगळ्यांनी त्याच दिशेला बोट दाखवलं पाहिजे.

बाकीच्यांचा धावता उल्लेख पुरे. गॅमासेरेन जास्त असेल तर पाण्यात खारटपणाचे थर होते. सी-२९ होपेन सी-३० पेक्षा मोठं असेल तर कार्बोनेट सोर्स रॉकचा विचार करा. डायास्टेरेन भरपूर तर बहुधा चिकणमातीचा खडक. सी-२६/सी-२५ ट्रायसायक्लिक टर्पेन १च्या वर असेल तर तळ्यातला गाळ. २००४ साली सापडलेल्या बाडमेरच्या मंगला क्षेत्राचा मेणचट तेलसाठा अशाच तळ्यातल्या सोर्स रॉकचा आहे. सी-३० स्टेरेनमधलं २४-एन-प्रोपिलकोलेस्टेन सापडलं तर समुद्राचा सहभाग पक्का, पण त्यासाठी टँडम एमएस (एकामागून एक दोनदा वस्तुमान तपासणारं यंत्र) लागतं.

पायरी ६: पक्वता आणि जीवाणू बाजूला काढणं

आता प्रत्येक गुणोत्तराला विचारा: तू उगमाबद्दल बोलतोस की उष्णतेबद्दल? सी-२९ स्टेरेनचं २०एस/(२०एस+२०आर) उष्णतेचं आहे (एस आणि आर ही एकाच रेणूची दोन रूपं, उष्णतेने आर मधून एस होतं), ते ०.५२ ते ०.५५ ला स्थिरावतं. सी-३१ किंवा सी-३२ होपेनचं २२एस/(२२एस+२२आर) ०.५७ ते ०.६२ ला स्थिरावतं, तेही स्टेरेनच्या आधीच. टीएस/टीएममध्ये (दोन सी-२७ होपेनच्या गुणोत्तरात) उगम आणि उष्णता दोन्ही गुंतलेले असतात, म्हणून पक्वता सारखी असेल तेव्हाच वापरा.

वस्तानसारख्या खोऱ्याच्या काठावरच्या नमुन्यांची अडचण नेमकी हीच. खडक कच्चा, तेल पक्व. ते सरळ ताडले तर निम्मी गुणोत्तरं जुळणार नाहीत, आणि खरा उगम तुम्ही नाकारून बसाल. शक्य असेल तर त्याच थराचा खोल भागातला नमुना मिळवा. नसेल तर हायड्रस पायरॉलिसिस: खडकाचे तुकडे पाण्यासह बंद भांड्यात सुमारे ३३० अंशांवर ७२ तास ठेवून कृत्रिमरीत्या पिकवतात, आणि निघालेलं तेल तपासतात. हे भांडं मोठ्या दाबाचं असतं. सवय असलेल्या प्रयोगशाळेतच हे करा.

जीवाणू ८० अंश सेल्सियसपेक्षा थंड साठ्यांत तेल खातात, आणि क्रमाने खातात: आधी नॉर्मल अल्केन, मग प्रिस्टेन-फायटेन, मग स्टेरेन आणि होपेन. १७७ आयनवर २५-नॉरहोपेन (एक कार्बन गमावलेले होपेन) दिसले तर नुकसान खोलवर गेलं आहे, त्या तेलाचं प्रिस्टेन-फायटेन गुणोत्तर तक्त्यातून काढा. इथे बाजूला ठेवलेले ॲस्फाल्टीन कामी येतात. तापवल्यावर त्यांच्यात अडकलेले बायोमार्कर बाहेर पडतात, आणि जीवाणू तिथवर पोचलेले नसतात. व्हॅनेडियम आणि निकेलचं प्रमाणही खाल्लेल्या तेलात बऱ्यापैकी टिकतं.

सरावासाठी स्वस्त नमुना कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मिळतो. मान्सूनच्या आगेमागे तिथे डांबराचे गोळे वाहून येतात. ऊन, लाटा आणि जीवाणूंनी त्यांचा हलका भाग नेलेला असतो, पण १९१ आयनवर होपेन शाबूत सापडतात. काय उडतं, काय टिकतं, हे एका आठवड्यात कळतं.

पायरी ७: कार्बनचे समस्थानिक

बायोमार्कर हा तेलाचा अगदी छोटा अंश असतो. एक टक्का तेल बोलतं आणि उरलेलं गप्प राहतं, असं होऊ नये म्हणून पूर्ण तेलाचं, सॅच्युरेट आणि ॲरोमॅटिक भागांचं कार्बन-१३ (जड कार्बनचं प्रमाण, ते कमी असेल तर 'हलकं', जास्त तर 'जड') मोजायचंच. बहुतेक तेलं पीडीबी मानकाच्या तुलनेत दर हजारी उणे २० ते उणे ३४ मध्ये पडतात. साधारणपणे खडकाचा अर्क त्याच्या केरोजेनपेक्षा ०.५ ते १.५ ने हलका, आणि तेल अर्काइतकंच किंवा त्याहून दीडपर्यंत हलकं. पक्वता सारखी असूनही तेल आणि अर्कात २ ते ३ पेक्षा जास्त फरक असेल, तर तो खडक यादीतून काढा. तेल अर्कापेक्षा स्पष्टपणे जड असेल तरीही संशय घ्या.

सॅच्युरेट आणि ॲरोमॅटिक एकमेकांविरुद्ध मांडून समुद्री आणि जमिनीवरचं द्रव्य वेगळं करण्याची सोफेर यांची १९८४ची रेषा अजून वापरात आहे. मेणचट आणि बिनमेणी तेलांच्या भेदावर ती उभी आहे, हे लक्षात ठेवून वापरा.

कंडेन्सेट (अतिहलकं तेल) आणि वायूला हा सगळा मार्ग पुरत नाही. कंडेन्सेटमध्ये बायोमार्कर इतके विरळ असतात की वाटेत मिसळलेलं थोडं जुनं तेलही त्यांना झाकून टाकतं. तिथे सी-७ हायड्रोकार्बन, डायमंडॉइड (हिऱ्यासारख्या सांगाड्याचे रेणू) आणि एकेका संयुगाचा समस्थानिक पाहावा लागतो. वायूत मिथेन उणे ६० पेक्षा हलका आणि इथेन-प्रोपेन नगण्य असेल तर तो जीवाणूंचा. उष्णतेने झालेल्या वायूचा उगम शोधताना इथेनचा समस्थानिक मिथेनपेक्षा जास्त भरवशाचा.

पायरी ८: निकाल ठरवणं

फक्त उगमाबद्दल बोलणारी गुणोत्तरं निवडा, आणि मगच क्लस्टर किंवा पीसीएचा (नमुन्यांचे गट दाखवणाऱ्या सांख्यिकी पद्धतींचा) आलेख काढा. पक्वतेची गुणोत्तरं त्यात राहिली तर सॉफ्टवेअर तेलांचे गट खोलीप्रमाणे पाडतं, आणि ते उगमाचे गट म्हणून छापले जातात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा तेलात ओलियानेनचं गुणोत्तर ०.४, प्रिस्टेन-फायटेन ३.५, पूर्ण तेल उणे २७. खडक 'क' क्रेटेशियस समुद्री शेल: ओलियानेन नाही, अर्क उणे ३०. खडक 'ख' इओसीन कोळशाळ शेल: ओलियानेन ०.५, अर्क उणे २६.५, पण २०एस/(२०एस+२०आर) फक्त ०.१५. 'क' दोन स्वतंत्र कारणांनी बाद. तेल त्याच्या अर्कापेक्षा ३ ने जड, आणि ओलियानेन वाटेत उचललं असं मानलं तरी हा फरक त्याने भरून निघत नाही. 'ख' बाद होत नाही, पण हा नमुना स्वतः तेल देण्याइतका पिकलेला नाही. म्हणजे उत्तर असं: उगम 'ख' थराचा खोल, गरम झालेला भाग असू शकतो. तो भाग नकाशावर कुठे आहे, तिथे तेल कधी तयार झालं, सापळा त्याआधी होता का, आणि मधे वाट देणारा वाळूचा थर किंवा भ्रंश आहे का, हे भूकंपलहरींच्या छेदांवरून आणि खोऱ्याच्या उष्णतेच्या मॉडेलवरून दाखवायचं. ते दाखवता आलं नाही तर रसायनातलं साम्य तिथेच थांबतं.

तेल दोन उगमांचं मिश्रण असण्याची शंका नेहमी बाळगा. गुणोत्तरं सरळ रेषेत मिसळत नाहीत. ज्या तेलात बायोमार्कर जास्त, त्याचाच आवाज मोठा येतो, मग त्याचा वाटा एक पंचमांश का असेना. अंतर्गत मानकामुळे मिळालेल्या प्रत्यक्ष मात्रा इथे वापरा, आणि प्रयोगशाळेत दोन टोकाची तेलं ठरावीक प्रमाणात मिसळून आपला वक्र तयार करा.

अहवालात तीन याद्या द्या: बाद झालेले खडक आणि प्रत्येकाचं कारण, बाद न झालेले खडक, आणि ज्यांचा नमुनाच नव्हता ते. तिसऱ्या यादीत एकही नाव असेल, तर दुसऱ्या यादीतल्या खडकाला 'सिद्ध' म्हणू नका, 'संभाव्य' लिहा. शिखरांची कच्ची क्षेत्रफळं, कोऱ्या बसाल्टचा क्रोमॅटोग्राम आणि मानक तेलाचा क्रोमॅटोग्राम परिशिष्टात जोडा, म्हणजे पुढे खोल भागातला कोअर कुणाच्या हाती आला तर त्याला तुमच्याच आकड्यांवरून काम पुढे नेता येईल.